तीन वर्षं कुठल्या तारखेपासून मोजायची?

वाचक भगिनीचं पत्र (थोडं आटोपशीर करून):

नमस्कार. मी माजलगाव तालुक्यातली. माझे मालक ९ ऑगस्ट २०२५ ला हार्ट अटॅकनं गेले. वय ४३. त्यांनी १८ जून २०२० ला दहा लाखांची विमा पॉलिसी काढली होती, वर्षाचा हप्ता. २०२२ चा हप्ता थोडा उशिरा, १२ जुलैला भरला. २०२३ ला पाऊस नव्हता, हप्ता राहूनच गेला. सोयाबीन विकून डिसेंबरात दंडासकट भरला आणि पॉलिसी चालू करून घेतली. ते गेल्यावर १ सप्टेंबरला मी सगळी कागदं दिली. १४ जानेवारीला कंपनीचं पत्र आलं : तुमच्या पतीला चार वर्षांपासून शुगर होती, पॉलिसी पुन्हा चालू करतानाच्या फॉर्मवर ‘नाही’ लिहिलं, महत्त्वाची माहिती दडवली, म्हणून दावा नामंजूर, भरलेले हप्ते परत देऊ. पुरावा म्हणून अंबाजोगाईच्या दवाखान्यातला केसपेपर जोडलाय. त्या रात्री डॉक्टरांनी विचारलं, शुगर कधीपासून? माझे दीर घाबरलेले, म्हणाले, “आसंल की तीन-चार वर्सं.” मला माहीत आहे त्याप्रमाणे शुगर २०२४ च्या शिबिरात निघाली. त्याआधी कधी तपासली होती का, मला ठाऊक नाही. फॉर्म एजंटनं भरला, मालकांनी सही केली. एजंट म्हणतो, पाच वर्षं झाली, कंपनीला हातच लावता येत नाही. सासरे म्हणतात, मिळतंय ते घे आणि सही कर. बॉण्ड सिंदफणेच्या पुरात भिजला. मी काय करू? दोन लेकरं आहेत.

ताई,

एजंटचं म्हणणं खरं असतं तर हे पत्र मला दोन ओळींत संपवता आलं असतं. ते अर्धं खरं आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच तुमचा दावा अडकलाय. म्हणून आधी कडू गोष्ट सांगते, मग तुमच्या बाजूचं सगळं सांगते. ते बरंच आहे.

विमा कायदा १९३८ चा. त्याचं कलम ४५ असं सांगतं की तीन वर्षं उलटल्यावर आयुर्विम्याच्या पॉलिसीवर कंपनीला कुठल्याही कारणानं हरकत घेता येत नाही. अगदी फसवणूक झाली म्हणूनसुद्धा नाही. आपल्याकडची जुनी माणसं अजून “दोन वर्षं झाली की सुटलो” म्हणतात, कारण पूर्वी मुदत दोन वर्षांची होती आणि फसवणूक सिद्ध केली तर त्यानंतरही कंपनी दावा नाकारू शकायची. २०१५ च्या दुरुस्तीनं मुदत एक वर्षानं वाढवली, पण त्यापुढचं दार पूर्ण बंद केलं. ही तरतूद पॉलिसीधारकाच्या फार मोठ्या फायद्याची आहे.

पण तीन वर्षं कुठून मोजायची? कायद्यात चार तारखा दिल्यात : पॉलिसी दिल्याची, जोखीम सुरू झाल्याची, बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू केल्याची, आणि रायडर (मूळ पॉलिसीला जोडलेलं जादा संरक्षण) घेतल्याची. यातली जी सर्वांत शेवटची, ती धरायची. एजंट पहिल्या तारखेपासून मोजतोय. तसं मोजलं तर जून २०२३ मध्येच मुदत संपली होती. पण डिसेंबर २०२३ मध्ये पॉलिसी पुन्हा चालू झाली, तेव्हा तीन वर्षं नव्यानं सुरू झाली आणि ती डिसेंबर २०२६ ला संपतात. कंपनीचं पत्र जानेवारी २०२६ चं, म्हणजे मुदतीच्या आतलं. ‘पाच वर्षं झाली’ एवढ्या मुद्द्यावर भांडायला गेलात तर पहिल्याच सुनावणीत पाय घसरेल.

२०२२ च्या उशिराची काळजी मात्र करू नका. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. १८ जूनचा हप्ता १२ जुलैला भरला, म्हणजे सवलतीच्या आत. तेव्हा पॉलिसी बंदच पडली नव्हती, त्यामुळे पुन्हा चालू करण्याचा प्रश्न नव्हता. कंपनीनं कुठं ती तारीख पुढं केली तर पावती दाखवा.

आता मुदतीच्या आत कंपनी काय करू शकते, ते बघू. इथं तुमच्या पत्रातल्या एका वाक्यावर सगळं फिरतं : “भरलेले हप्ते परत देऊ.” कायद्यात नाकारण्याच्या दोन वाटा आहेत. एक फसवणुकीची. त्यात कंपनी हप्तेही परत करत नाही, आणि विमेदार हयात नसेल तर फसवणूक नव्हती हे दाखवायचा भार वारसांवर येतो. तो भार फार जड आहे. दुसरी वाट चुकीच्या किंवा दडवलेल्या माहितीची. त्यात नाकारल्यापासून ९० दिवसांत हप्ते परत द्यावे लागतात, आणि ही माहिती आधी कळली असती तर आम्ही पॉलिसी दिलीच नसती, हे कंपनीला दाखवावं लागतं. तुमच्या कंपनीनं दुसरी वाट धरलीय. पत्रात ‘फसवणूक’ हा शब्द नाही ना, ते मुलांकडून एकदा नीट वाचून घ्या. इंग्रजी प्रतीत ‘फ्रॉड’ आहे का तेही बघा. नसेल, तर सिद्ध करायचं ओझं त्यांच्या डोक्यावर आहे आणि ते तुम्ही तुमच्या डोक्यावर घेऊ नका.

आता त्यांच्या पुराव्याचा हिशेब मांडू. केसपेपर ऑगस्ट २०२५ चा. त्यावर लिहिलंय, मधुमेह चार वर्षांपासून. ते अगदी खरं धरलं तरी सुरुवात येते ऑगस्ट २०२१. पॉलिसी काढली जून २०२०. म्हणजे कंपनीच्याच कागदाप्रमाणे मूळ फॉर्मवर तुमच्या मालकांनी काहीही खोटं लिहिलेलं नाही. सगळा आरोप उरतो तो डिसेंबर २०२३ च्या प्रकृतीच्या घोषणापत्रावर, ज्याला एजंट लोक डीजीएच फॉर्म म्हणतात. तेव्हा प्रश्न एवढाच : त्या दिवशी तुमच्या मालकांना आपल्याला शुगर आहे हे माहीत होतं का?

याला कंपनीकडे आधार आहे फक्त दिरांच्या तोंडून गेलेलं वाक्य. रात्रीची वेळ, भाऊ स्ट्रेचरवर, शिकाऊ डॉक्टर पटापट विचारतोय, आणि माणूस जे सुचेल ते बोलतो. ‘तीन-चार वर्सं’ कागदावर उतरताना सरळ ‘चार वर्षं’ झालं. अशी नोंद, तिला कुठली जुनी तपासणी, औषधाची चिठ्ठी किंवा उपचार करणाऱ्या डॉक्टरचं शपथपत्र यांचा आधार नसेल, तर एकटी पुरेशी नाही, असं ग्राहक आयोगांनी बऱ्याच निकालांत म्हटलंय. कंपनीकडे २०२३ च्या आधीचा दुसरा कागद आहे का, हे लेखी विचारा. कोणत्या कारणावर आणि कोणत्या साहित्यावर निर्णय घेतला ते लेखी कळवणं कायद्यानं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यांनी जोडलेला एकच केसपेपर असेल तर त्यांचं प्रकरण पातळ आहे.

तुमच्या बाजूनं मात्र कागद गोळा करावे लागतील, आणि ते माजलगावातच मिळतील. २०२४ च्या शिबिराचं कार्ड शोधा. ते नसेल तर उपकेंद्रावर जा. तीस वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-शुगर तपासायची सरकारची मोहीम आहे. आशाताई घरोघरी फॉर्म भरतात आणि नोंदी एनसीडीच्या (असंसर्गजन्य आजारांच्या) रजिस्टरात आणि ऑनलाइन जातात. तुमच्या मालकांची पहिली नोंद कोणत्या तारखेची आहे, याचा दाखला प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून मागा. गोळ्या ज्या मेडिकलवरून घ्यायचे, तिथली जुनी बिलं किंवा दुकानदाराचं लेखी निवेदन घ्या. आणि दिरांचं शपथपत्र करा : मला नक्की माहीत नव्हतं, घाबरून अंदाजानं बोललो. ते खरं आहे, म्हणून सांगायला संकोच नको. त्यांना आज स्वतःचीच चूक वाटत असेल. त्यांच्यावर रागावू नका. ती माहिती डॉक्टर उपचारासाठी विचारत होते. विम्याचा विचार त्या रात्री कुणाच्या डोक्यात नव्हता.

एक गोष्ट कंपनीकडूनही मागा. पॉलिसी चालू करताना रक्त तपासलं होतं का? तपासलं असेल तर तो रिपोर्ट मागा. त्यात शुगर वाढलेली दिसत असूनही पॉलिसी चालू केली असेल, तर ‘आम्हाला माहीत नव्हतं’ हे त्यांना म्हणता येणार नाही. भिजलेल्या बॉण्डसोबत मूळ फॉर्मची प्रतही गेली असेल. पॉलिसीची दुसरी प्रत, मूळ प्रपोजल फॉर्म आणि डीजीएच फॉर्म, तिन्हींच्या प्रती एकाच अर्जात मागा. कंपनी सरकारी असेल तर माहिती अधिकारातही मागता येतात.

एजंटचं आता बोलते. फॉर्म त्यानं भरला, हे तुम्ही सहज लिहून गेलात. आपल्याकडं असंच चालतं : जीपच्या बॉनेटवर कागद ठेवायचा, सगळ्या रकान्यांत ‘नाही’वर टिक करायची आणि “इथं सही करा दादा” म्हणायचं. मला या पद्धतीची मनापासून चीड आहे. विकताना कुणी एक प्रश्न धड विचारत नाही, आणि माणूस गेल्यावर त्याच प्रश्नाचं उत्तर बाईला विचारतात. कलम ४५ मध्येच एक स्पष्टीकरण आहे : विमा विकण्यासाठी बोलणी करणारा माणूस करार होण्यापुरता कंपनीचा एजंट मानला जाईल. आणि जी गोष्ट विमा कंपनीला माहीत होती, ती चुकीची सांगितली म्हणून फसवणुकीच्या नावाखाली दावा नाकारता येत नाही. एजंटला काही माहीत होतं, किंवा त्यानं काही न विचारताच फॉर्म भरला, तर ते लेखी मांडा. फॉर्म इंग्रजीत होता का? मालकांनी सही मराठीत केली असेल, तर मजकूर समजावून सांगितल्याचं निवेदन आणि समजावणाऱ्याची सही फॉर्मवर आहे का, ते बघा.

तरी एवढ्यावर विसंबू नका. सही केली म्हणजे मजकूर मान्य, असंही न्यायालयांनी अनेकदा धरलंय. एजंटचा मुद्दा जोडीला ठेवा, मुख्य लढाई तारखेची आणि पुराव्याची.

आजार आणि मृत्यू यांचा संबंध काय, हाही प्रश्न येईल. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं एक प्रकरण होतं : विमेदारानं कमरेच्या मणक्याचं दुखणं सांगितलं नव्हतं आणि मृत्यू हृदयविकारानं झाला. त्या दुखण्याचा जिवाला धोका नव्हता आणि मृत्यूशी संबंध नव्हता म्हणून न्यायालयानं कंपनीचं म्हणणं मान्य केलं नाही. हा निकाल तुम्हाला कुणीतरी दाखवेल. तो वापरा, पण शुगरचं दुखणं मणक्यासारखं नाही हे लक्षात ठेवा. शुगरचा हृदयाशी संबंध आहे, कंपनी तेच म्हणेल. २०२० मध्ये त्याच न्यायालयानं, पोटाचा आणि यकृताचा गंभीर आजार दडवल्याच्या प्रकरणात, फॉर्ममध्ये विचारलेलं खरं सांगणं विमेदाराचं कर्तव्यच आहे असं ठणकावलं होतं. म्हणून ‘शुगर होती पण तिचा संबंध नाही’ यापेक्षा ‘डिसेंबर २०२३ ला शुगर असल्याचं त्यांना माहीतच नव्हतं’ हा मुद्दा जास्त बळकट आहे. तोच पुढं ठेवा.

आणि ताई, उपकेंद्रातली पहिली नोंद २०२३ च्या आधीची निघाली तर? तेव्हा ती दडवायची नाही. शपथपत्रावर खोटं लिहिलंत तर हातचंही जाईल. तेव्हा तुमचा मुद्दा बदलेल : साखर किती होती, गोळ्या चालू होत्या का, अशी शुगर असणाऱ्यांना ही कंपनी पॉलिसी देतच नाही का, की थोडा जास्त हप्ता घेऊन देते? पुष्कळ कंपन्या आटोक्यातल्या मधुमेहाला वाढीव हप्त्यावर पॉलिसी देतात. कायदा म्हणतो, ‘पॉलिसी दिलीच नसती’ हे कंपनीनं दाखवायचं. तेव्हा त्यांच्या अंडररायटिंगच्या, म्हणजे कुणाला कोणत्या हप्त्यावर विमा द्यायचा हे ठरवण्याच्या, नियमाची प्रत मागायची.

आता जायचं कुठं. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी अर्ज, रजिस्टर पोस्टानं आणि ई-मेलनंही. सोबत विमा नियामकाच्या (आयआरडीएआय) ‘बिमा भरोसा’ या पोर्टलवर तक्रार नोंदवा, किंवा १५५२५५ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणारे अधिकारी. मराठवाड्यासाठी ते पुण्याचं कार्यालय. फी नाही आणि वकील चालत नाही, तुम्ही स्वतः बोलायचं. पन्नास लाखांपर्यंतचे दावे तिथं चालतात, म्हणजे तुमचा बसतो. सुनावणी व्हिडिओवरूनही होते. निकाल तुमच्या बाजूनं लागला तर कंपनीवर बंधनकारक असतो. विरुद्ध गेला तर तुमच्यावर बंधन नसतं, ग्राहक आयोगाची वाट उरते. लोकपालांकडे जायला कंपनीच्या नकारापासून एक वर्ष असतं, ग्राहक आयोगात दोन वर्षं. मी १४ जानेवारी २०२७ हीच तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा म्हणेन, आणि त्याच्या बऱ्याच आधी अर्ज द्या.

दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही. बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगात आधी केस टाकलीत तर लोकपाल तुमचा अर्ज घेणार नाहीत. माझं मत, आधी पुणे. ग्राहक आयोगात आता तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दावा करता येतो आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फीही लागत नाही, पण तारखा लांबतात, आणि तुमची लेकरं लहान आहेत.

अर्जात व्याजही मागा. चौकशी लागणाऱ्या मृत्यू दाव्याचा निकाल सगळी कागदं मिळाल्यापासून ४५ दिवसांत द्यायचा असतो. तुम्ही १ सप्टेंबरला कागदं दिली, उत्तर जानेवारीत. उशिराच्या काळासाठी बँक दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज, ही मागणी वेगळ्या ओळीत लिहा. पोचपावती आहे ना? नसेल तर शाखेतून आवक क्रमांक घ्या.

सासऱ्यांचं ऐकायचं का? त्यांची घाई मला कळते, खरीप तोंडावर आहे. पण कंपनीनं पाठवलेल्या फॉर्मवर ‘पूर्ण व अंतिम रक्कम मिळाली’ असं असेल तर तशीच सही करू नका. हप्त्यांची रक्कम घ्यायचीच झाली तर सहीच्या वर मराठीत लिहा : “मूळ दाव्याचा हक्क राखून ही रक्कम स्वीकारत आहे.” त्याची झेरॉक्स ठेवा. रक्कम परस्पर खात्यावर आली तर त्याच दिवशी हेच वाक्य कंपनीला ई-मेल करा.

पॉलिसीत नॉमिनी म्हणून तुमचं नाव आहे ना, तेही बघून घ्या. २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती, पत्नी, आई-वडील किंवा मुलं नॉमिनी असतील तर ती रक्कम त्यांच्या स्वतःच्या हक्काची होते. सासऱ्यांना हे शांतपणे सांगा.

मालकांच्या बँक पासबुकात मे-जूनच्या सुमारास ४३६ रुपये कापल्याची नोंद दिसते का, तेही बघा. ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विम्याची असते, दोन लाखांची. ती वेगळी आहे, तिचा या भांडणाशी संबंध नाही. नोंद दिसली तर उद्याच शाखेत जाऊन क्लेमचा फॉर्म मागा. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाच्या योजनेची चौकशी कुणी करायला सांगेल, पण ती अपघातासाठी आहे, इथं बसणार नाही.

हे सदर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन शब्द, कारण अशी पत्रं आपल्या भागातून वारंवार येतात. हप्ता जूनमध्ये येतो आणि जूनमध्ये घरातला पैसा बी-बियाण्यात असतो. एक पाऊस हुकला की हप्ता थकतो, पॉलिसी बंद पडते, मग सोयाबीन किंवा उसाचं बिल आल्यावर चालू होते, आणि तीन वर्षांची मोजणी परत पहिल्यापासून. नोकरदाराच्या खात्यातून हप्ता आपोआप जातो, त्याची तीन वर्षं एकदा संपली की संपली. कोरडवाहू शेतकऱ्याची ती कधी संपतच नाहीत. मला हे अन्यायाचं वाटतं. पण कायदा बदलेपर्यंत एवढं तरी करा : नवी पॉलिसी दिवाळीनंतर सुरू करा, म्हणजे दरवर्षीची तारीख हातात पैसा असताना येईल. आणि पॉलिसी चालू करताना डीजीएच फॉर्म आला की पेन एजंटच्या हातात देऊ नका. बीपी, शुगर, ऑपरेशन, जे असेल ते स्वतः लिहा आणि फॉर्मचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. थोडा हप्ता वाढला तरी चालेल.

हे सगळं आयुर्विम्याचं. मेडिक्लेमला वेगळा नियम आहे, तिथं पाच वर्षांची मुदत असते आणि फसवणुकीची हरकत त्यानंतरही राहते. दोन्ही एकत्र करू नका.

ताई, कंपनीच्या पत्राची आणि डीजीएच फॉर्मची प्रत हाती आली की त्यावरची नावं झाकून मला पाठवा. ‘शुगर आहे का’ हा प्रश्न फॉर्मवर नेमक्या कोणत्या शब्दांत विचारलाय ते मला बघायचंय. ‘तुम्हाला मधुमेह आहे असं कधी सांगण्यात आलं आहे का’ असा प्रश्न असेल, आणि त्यांना सांगितलं गेलं ते २०२४ मध्ये असेल, तर त्यांचं ‘नाही’ हे उत्तर खरंच होतं. तसं असेल तर लोकपालांकडचा अर्ज त्याच वाक्यानं सुरू करू.